पाण्यातल्या झाडांना खायला घालू नका

९ मार्च

ठिणगे,

आधी हे वाच: घरातले सगळे जिवंत आहेत. पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते उभ्याउभ्याच फोडलं असणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. आता पाणी पी आणि नीट बस.

तुझ्या त्या संशोधन केंद्रावर फोन लागत नाही. लागला तर तू उचलत नाहीस. उचललास तर 'कामात आहे वहिनी' म्हणून ठेवतेस. म्हटलं, पत्र लिहावं. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण वाचल्याशिवाय तू ते फाडणार नाहीस, एवढी मी माझ्या नणंदेला ओळखते.

बातमी अशी की तलाव बंद झाला. मागच्या उन्हाळ्यात पाण्यावर कुणी हिरव्या रंगाचे डबे ओतावेत तशी साय धरली. वास असा की माझ्या पार्लरमध्ये गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून केस कापून घ्यायचं. शिंपीकाकांचा कुत्रा ते पाणी प्यायला आणि मरता मरता वाचला. (आता ठणठणीत आहे, पोस्टवाल्या बाईंच्या मागे लागतो.) आईच्या अंगावर हे एवढाले चट्टे उठले. मग पाणी खात्याचा साहेब आला, बाटल्या भरून घेऊन गेला आणि पाटी ठोकली: 'पाण्यात उतरू नये.' पाटी लागल्यावरही आपल्या मातोश्री दोनदा उतरल्या, तेव्हा त्यानं पोहण्याच्या धक्क्याला जाळीचं दार लावून कुलूप घातलं. अख्ख्या गावात एका बाईसाठी लावलेलं हे एकच कुलूप असेल.

या महिन्यात सभा झाली. साहेब म्हणाला, पाण्यात औषध मारू आणि धक्का तोडून टाकू, पोहणं कायमचं बंद. माणूस वाईट नाही ग, पण काय करणार बिचारा, कुणाला विषबाधा झाली तर त्याच्याच गळ्याशी येणार. सगळे खाली माना घालून बसले होते. आणि मी उठले. अंगात पार्लरचा एप्रन, खिशात कात्री. म्हटलं, "थांबा. आमच्या घरात पाण्याची शास्त्रज्ञ आहे. तिनं हे काम हातात घेतलंय."

साहेब म्हणाला, कुठलं काम?

आता आली का पंचाईत! मग मला आठवलं, जाताना तू धक्क्यावर काय सांगत होतीस ते. म्हटलं, "पाण्यात वनस्पती लावायच्या. त्या हिरव्याला उपाशी मारतात." साहेबानं कपाळावर आठ्या घालण्याऐवजी चक्क खुर्ची पुढे ओढली. त्यानंही कुठेतरी वाचलं होतं म्हणे. त्यानं आपल्याला धक्क्याजवळचा कोपरा दिलाय, पोहण्याचा. उन्हाळा संपताना, म्हणजे आपल्या या थंड मुलखात सप्टेंबरात, तिथलं पाणी चाचणीत पास झालं तर धक्का राहील आणि दार उघडेल. नाही झालं तर तोडणार.

तर तू काम हातात घेतलं आहेस. अभिनंदन! आता काय करायचं ते लवकर कळव.

तुझ्या दादाला यातलं काही माहीत नाही. सभेत तो मागच्या रांगेत बसला होता, पण डोळे मिटलेले होते.

आई बरी आहे. जेवते. खिडकीत बसते.

तुझी वहिनी

३० मार्च

ठिणगे,

आलं तुझं उत्तर. ना 'प्रिय', ना 'वहिनी', ना शेवटी सही. औषधाच्या बाटलीवरसुद्धा याहून जास्त माया असते. पण आलं! मी खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फेस तसाच ठेवून रस्त्यावर जाऊन वाचलं.

मला समजलं ते असं. चुकलं तर सांग. हे हिरवं मेलं शेवाळ नाहीच, ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. पाण्यात खताचं आणि गटाराचं पाणी उतरतं, त्यावर ते मातात. आपण अशी झाडं लावायची की तीच आधी ताट चाटून पुसून साफ करतील. वरचं ऊन अडवतील. त्यांच्या झिपऱ्यांमध्ये बारीक पाणकिडे लपतील, तिथे माशांना ते सापडणार नाहीत, आणि ते किडे हिरव्याचा फडशा पाडतील. शिवाय काही झाडं म्हणे पाण्यात असं काहीतरी सोडतात की हिरव्याला तिथे नांदवत नाही. हे मला फार आवडलं. सासुरवास म्हणायचा.

झाडं दुकानातून आणायची नाहीत, बाहेरचं झाड तलावच गिळून टाकेल. ओढ्यात वरच्या अंगाला आपलीच आहेत ती आणायची. हे मी शिंपीकाकांना मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण ते कुठूनतरी जांभळ्या फुलांचं काहीतरी आणायला निघालेच होते. तुझी लांबलचक नावं इथे कुणाच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून आम्ही बारसं केलं. ती मांजराच्या शेपटासारखी फुललेली असते ती शेपटी. लांब रिबिनी असतात ती फीत. आणि तराफ्यावर लावायचं ते पाणकणीस, त्याला नाव होतंच.

आणि तू लाल शाईनं खाली दोन रेघा मारून लिहिलंस ते: खत घालायचं नाही. झाडं हडकुळी दिसली तरी घालायचं नाही. ती भुकेली राहिली तरच काम करतील. कळलं बाई. मी त्याची पाटी करून धक्क्यावर लावलीय, 'पाण्यातल्या झाडांना खायला घालू नका'. लोक येऊन हसून जातात.

कोपरा उरलेल्या तलावापासून तोडायला पडदा हवा, तो शिंपीकाकांनी ताडपत्रीचा शिवला. त्यांच्या मशीनच्या तीन सुया मोडल्या, चौथीला ते मशीनशी असे बोलले की काकूंनी खिडकी लावून घेतली. पडद्याच्या तळाला वजन म्हणून होड्यांचे नांगर आणि साखळ्या लावल्यात. त्या कुणी लावल्या ते विचारू नकोस. आपल्या आपण लागल्या म्हण. होड्यांच्या शेडमधून त्या बाहेर आल्या, आणि शेडची किल्ली एकाच माणसाकडे असते, तो माणूस जेवताना गप्प होता आणि त्याच्या हाताला गंज लागला होता.

तुझं त्याचं काय ते तुमचं तुम्ही बघा. तू म्हणालीस गवत उपटू नकोस, पाणी बिघडेल. तो चारचौघांत म्हणाला, दोन पुस्तकं वाचून हिला तलाव कळला. तू त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. वल्ह्यात गवत अडकलं की गिऱ्हाईक होडी अर्ध्यात परत आणतं, म्हणून तो उपटायचा. आणि तो तुझा भाऊ आहे, म्हणून तो माघार घ्यायचा नाही. मी दोघांच्या मध्ये पडणार नाही. पडायचं ठरवलं तर दोघांचेही कान धरीन.

आईबद्दल मागच्या पत्रात मी जरा हात राखून लिहिलं. तिचे गुडघे पाण्यातच चालायचे ग. रोज सकाळी पोहायची म्हणून ती दिवसभर हिंडायची. थंडीभर पाणी नाही, तर आता तिला खुर्ची लागते. चाकांची. डॉक्टर म्हणतात, पाण्यात उतरली तर सुटेल, नाहीतर बसलेलीच राहील. हौदात, तरणतलावात जायला तिनं नकार दिला. "डबक्यात काय पोहायचं," म्हणाली. गावातल्या निम्म्या लोकांना जिनं पोहायला शिकवलं ती खिडकीत बसून त्यांना रस्त्यानं जाताना बघते. माझं म्हणशील तर मला ते बघवत नाही, म्हणून मी सभेत थाप मारली. बरं, लिहून टाकलं.

वहिनी

४ मे

ठिणगे ठिणगे ठिणगे,

लागली! सगळी लागली!

तू इथे असायला हवी होतीस. आईची सकाळची पोहणारी मंडळी सगळी आली, गुडघ्याएवढे रबरी बूट घालून. ओढ्यातून शेपटी आणि फीत बादल्यांतून आणली, तू सांगितलंस तशी धुतली, गोगलगायी वेचून काढल्या. फितीच्या मुळाशी एकेक खडा बांधून ती खाली सोडायची होती. आता इतकी नाजूक गाठ कोण बांधणार? मी! मी आणि शिंपीकाका धक्क्यावर मांडी घालून बसलो आणि एकेकाच्या पायात खडा बांधून पुढे देत गेलो. पोस्टवाल्या बाई उत्साहानं पुढे झाल्या आणि बूट चिखलात ठेवून स्वतः पाण्यात आडव्या झाल्या. काढल्या. 'टपाल भिजलं नाही ना?' हे त्यांचे पहिले शब्द.

त्या दिवशी दादा 'सहज' होडीत बसून होता. सहज त्यानं तराफे ओढून नेले, सहज नांगरले. तुझा कागद माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "हिनं लिहिलंय वाऱ्याच्या बाजूला लावा. वारा इथे कुठनं येतो ते हिला कुठे माहीत?" आणि तू लिहिलं होतंस त्याच जागी लावले. मी काही बोलले असते तर त्यानं मुद्दाम दुसरीकडे लावले असते.

मग बदकं आली. आई ग! कुणी त्यांना निमंत्रण धाडलं होतं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कोवळ्या फितीवर पंगत बसलेली. दादानं जुन्या जाळ्या काढून वर ताणल्या. तरी एक बदक रोज कुठूनतरी आत शिरतंच. दादा त्याच्याशी भांडतो. मी स्वतः ऐकलंय. "तुझ्यामुळे माझी अब्रू जायची," असं म्हणत होता त्याला.

पार्लरच्या आरशाखाली मी एका बरणीत ते पाणी भरून ठेवलंय. त्यात ते पाणकिडे उड्या मारतात, मोहरीच्या दाण्याहून लहान. गिऱ्हाइकं आता फॅशनचं पुस्तक मागत नाहीत, बरणी मागतात.

तुझ्या कागदाच्या अगदी तळाशी या वेळी तू एक ओळ लिहिली होतीस: 'आई कशी आहे?' मी ती आईला दाखवली. चष्मा लावून तिनं वाचली, परत वाचली आणि म्हणाली, "तिला सांग, मी कोरडी आहे."

आता रोज दुपारी मी तिची खुर्ची धक्क्याच्या टोकाला नेऊन ठेवते. साहेबानं कुलपाची एक किल्ली दिलीय मला, पाण्याकडे बघायला हरकत नाही म्हणाला. पोहण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसते ती. टॉवेल, टोपी, सगळं भरून. मी म्हटलं, "आई, अजून वेळ आहे." म्हणाली, "पिशवीला सवय राहू दे."

तुझी (या वेळी 'तुझी' लिहिते, ती एक ओळ लिहिलीस म्हणून)
वहिनी

११ जून

ठिणगे,

घात झाला. कोपऱ्यात हिरवं आलं.

सगळीकडे नाही. धक्क्याच्या टोकापाशी, तिथेच, परातीएवढं आधी आणि आता अंगणाएवढं. साहेबानं बाटली भरली, उन्हाकडे धरली आणि झाकण लावून पिशवीत टाकली. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जाताना म्हणाला, "अजून वेळ आहे, पण फार नाही."

तुझी सगळी पथ्यं पाळली. पडदा धड आहे, मी स्वतः हात लावून बघितला. गटाराचं पाणी येत नाही. मग धक्क्यापाशीच का? मला एकच कळतं, हे कुणीतरी केलंय. आणि कुणाला हे गवत पहिल्यापासून डोळ्यात खुपतं? कुणाची वल्ही अडकतात? कोण दिवसभर तिथेच असतो?

मी त्याला विचारलं. विचारलं कसली, भांडलेच. म्हटलं, "बहिणीला खोटं पाडायला तू आपल्या आईचं पाणी तोडलंस." तो जेवत होता. ताट सरकवलं आणि उठून शेडमध्ये गेला. ओरडला असता तर मला खात्री पटली असती. तो ओरडला नाही, आणि आता मला काहीच कळेनासं झालंय.

काय करू ते पटकन लिही. आईला मी सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, झाडं खातात का नीट.

वहिनी

१९ जून

ठिणगे,

सापडलं. बस खाली.

तुझं उत्तर मिळालं, 'कुणीतरी झाडांना खायला घालतंय, दुसरं काही असूच शकत नाही, शोध.' वाचलं आणि तसंच आरशापाशी ठेवून पोस्टवाल्या बाईंचे केस कापायला घेतले. डाव्या बाजूचे कापून झाले होते. आरशात मागची खिडकी दिसते, खिडकीतून धक्का. सहज नजर गेली. आपल्या मातोश्री खुर्चीत. पिशवी मांडीवर. हात पिशवीत जातोय, बाहेर येतोय, पाण्यावरून फिरतोय. कोंबड्यांना दाणे टाकतात ना, अगदी तसा.

मी कात्रीसकट धावले. माझ्यामागून पोस्टवाल्या बाई, अर्ध्या केसांच्या, गळ्यात कापड फडफडतंय. त्यांच्यामागून कुत्रा. गावानं काय बघितलं असेल ते गावच जाणे.

पिशवीत टॉवेलखाली काय होतं माहितेय? टोमॅटोच्या कुंड्यांचं दाणेदार खत! अर्धी थैली संपलेली! आणि रोज दुपारी खुर्ची ढकलत तिला तिथे नेऊन कोण ठेवत होतं? मी! शत्रूला पालखीतून नेत होते मी!

म्हटलं, "आई, हे काय?"

जराही ओशाळली नाही. "झाडांना देते थोडं."

"पाटी वाचली नाहीत? ही एवढी मोठी!"

"वाचली. ती पाटी लोकांसाठी आहे." मग तिनं मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली, "अगं, किती वाळकी झालीत ती. माझ्यासाठी राबतायत. उपाशी ठेवून कुणाकडून काम करून घेतात का?"

ठिणगे, आपल्या घरी ताटावर बसलेल्या माणसाला 'पुरे' म्हणायची मुभा नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी चवळीची शेंग होते, आता कशी आहे ते तुला माहीत आहे. त्या बाईला आपण सांगितलं की भुकेलं राहू द्या. तू लाल शाईनं दोन काय, दहा रेघा मारल्या असत्यास तरी काय उपयोग होता?

मी तिथेच धक्क्यावर बसले आणि हसायला लागले. मग रडायला लागले. मग पोस्टवाल्या बाईंकडे बघितलं आणि परत हसायला लागले. आई मात्र हसली नाही. हिरव्या पाण्याकडे बघत होती. "हे माझ्यामुळे झालं?" म्हणाली. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? तिनं ती थैली माझ्या हातात दिली आणि पिशवीचा बंद घट्ट बांधला.

दादाची मी माफी मागितली का? मागितली नाही. रात्रीच्या जेवणात त्याला दोन अंडी जास्त उकडून वाढली. त्यानं ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आईच होती ना?" मी म्हटलं, "तुला माहीत होतं?" म्हणाला, "परवापासून." मग बोलला का नाहीस मेल्या! तर म्हणतो, "तू मला काय वाटेल ते बोललीस तर मी ऐकून घेतो. तिला कुणी बोललेलं मला चालत नाही." आता अशा माणसाचं काय करायचं? जरा गोड आहे तो, काय सांगू. तुला हे कळावं म्हणूनच लिहिते.

आता पुढे काय? सगळं संपलं, की यातून काही निघतं?

वहिनी

१८ ऑगस्ट

माझ्या गुणी ठिणगे,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण हात रिकामा नव्हता. उरलेल्या वेळेत तोंड चालू होतं.

तू लिहिलंस तसंच झालं. घाबरू नका, आणखी शेपटी सोडा, खत पाण्यात पडलंच आहे तर झाडं ते खाऊन फुगतील, मग फुगलेले शेंडे कापून पाण्याबाहेर काढा, म्हणजे खाल्लेलंही त्यांच्याबरोबर बाहेर जाईल. मुळं हलवू नका. हे वाचून मी म्हटलं, अगं, हा तर माझाच धंदा! शेंडे तेवढे उडवायचे, मुळाला धक्का नाही. मी होडीत ओणवी होऊन कापायची, दादा आकड्यानं ओढून घ्यायचा. गवत उपटण्यात त्याचा हात बसलेला, त्यामुळे पहिल्या दिवशी मुळासकट काढलाच त्यानं एक झुबका. मग स्वतःच परत खडा बांधून खाली सोडला. कापलेलं सगळं गाडीत भरून शिंपीकाकूंच्या भाजीच्या वाफ्यात जातं. काकूंचे दुधी इतके माजलेत की त्या आता ओळख नसलेल्यांना पण देतात.

आणि तू आईला वेगळं पत्र धाडलंस, पहिलं! 'आई, तुला कुणाला खायला घालायचंच असेल तर माणसांना घाल, झाडांना नको,' हे तिनं सगळ्यांना वाचून दाखवलं. बाकीचं दाखवलं नाही, उशीखाली ठेवलंय. दुसऱ्या दिवसापासून धक्क्यावर चहाचं भांडं आणि उकडलेल्या बटाट्यांचा डोंगर. जो होडीत चढेल त्याला आधी खायचं. त्यामुळे कामाला माणसं इतकी येतात की निम्म्यांना परत पाठवावं लागतं. साहेब मधल्या वेळी 'तपासणीला' येतो आणि तीन बटाटे खाऊन जातो.

आता ऐक. गेले आठ-दहा दिवस ऊन नुसतं पेटलंय. बाहेरच्या तलावावर हिरवी साय आली, मागच्या वर्षीसारखीच, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत. मी सकाळी उठले, खिडकीतून बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. अनवाणी धावले धक्क्यावर. पडद्याच्या पलीकडे भिंतीच्या रंगासारखं घट्ट हिरवं. आणि अलीकडे... ठिणगे, अलीकडे तळ दिसत होता! फितीचं प्रत्येक पान वेगळं दिसत होतं. खाली एक चमचा पडलेला दिसला, आमच्याच घरातला, तो आईनं बटाट्यांबरोबर कधीतरी पाडला असणार. माशांची पिल्लं शेपटीतून आत-बाहेर करत होती. मी ओरडलेच. शेजारपाजारचे धावत आले, त्यांना वाटलं कुणी पडलं. सगळे कठड्याला टेकून खाली बघत बसले. कुणी कामाला जाईना. शिंपीकाका तर म्हणाले, "या पाण्याचा एक शर्ट शिवला पाहिजे."

दादा सगळ्यात शेवटी आला. पलीकडे बघितलं, अलीकडे बघितलं. मग मला विचारलं, "तिकडचा पत्ता काय आहे तिचा?" मी सांगितला. म्हणाला, "असंच विचारलं."

साहेबाची पहिली चाचणी पास झाली. एक उरली.

तू 'हिवाळ्यात बघते, जमलं तर' असं लिहिलंस येण्याबद्दल. जमलं तर! मी ते आईला सांगितलेलं नाही. जमलं तर म्हणजे काय ते तिला कळतं.

तुझी, तुझी, तुझी
वहिनी

१४ सप्टेंबर, धक्क्यावरून

ठिणगे,

मी दादा. तुझी वहिनी पाण्यात आहे म्हणून मी लिहितोय. खरं म्हणजे आई पाण्यात आहे म्हणून लिहितोय.

दुसरी चाचणी पास. साहेबांनी आज सकाळी स्वतः कुलूप काढलं. धक्का राहणार. पुढच्या वर्षी पडदा आणखी बाहेर सरकवायचा म्हणतात, निम्म्या तलावापर्यंत. त्याचं तुलाच बघावं लागेल, मला त्यातलं कळत नाही.

आईसाठी मी नवी शिडी बसवलीय, रुंद, दोन्ही बाजूंना धरायला. खुर्ची तिथपर्यंत नेली. पहिल्या पायरीवर ती थांबली. मला वाटलं घाबरली, मी हात पुढे केला. ती टोपी नीट करत होती. मग गेली. तू बघायला हवं होतंस. जमिनीवर तिला खुर्चीतून पलंगावर न्यायला दोघं लागतात. पाण्यात ती सरळ झाली, दोन हात मारले आणि निघाली. शिंपीकाका रडले. पोस्टवाल्या बाई रडल्या. मी रडलो नाही. (तुझी वहिनी पाण्यातून ओरडतेय, खरं लिही म्हणून.) बरं.

मग सगळे उतरले. अर्धं गाव उतरलं. सगळे बाहेरही आले, आई येईना. वहिनी तिच्याबरोबर आहे. मी म्हटलं, "आई, पुरे झालं, गारठशील." तर म्हणाली, "तिला पत्र लिही. तू. मग येते." मी म्हटलं, संध्याकाळी लिहितो. ती उताणी तरंगत म्हणाली, "मग मी संध्याकाळी येते."

म्हणून इथे बसलोय. वहिनीच्या पिशवीत कागद होता.

काय लिहायचं ते सुचत नाही. आई तरंगतेय, तिच्याखाली तुझ्या शेपट्या हलतायत, तिच्या पायाची बोटं मला इथून दिसतात. हेच गवत मी वर्षानुवर्षं उपटून टाकलं. तू बरोबर होतीस. मी तेव्हा जे बोललो ते चारचौघांत बोललो होतो, म्हणून हेही आता सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. घरी ये. हिवाळ्यात जमलं तर, असं नको. माझी आठवण येते तुला की नाही माहीत नाही. मला तुझी येते. रोज येते, आणि तराफ्यांपाशी गेलो की जास्त येते.

वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फार लाज वाटली. साहेबांनी पण वाजवल्या, तोंडात बटाटा होता तरी.

मी म्हटलं, "आई, लिहिलं, वाचलं. आता ये बाहेर."

तर म्हणते, "ती आल्यावर."

ठिणगे, पाणी गार आहे आणि ही बाई कुणाचं ऐकणारी नाही. लवकर नीघ.

दादा